आधी रान उघडं पडलं

"कोल्हापूरच्या माणसानं दुष्काळावर बोलू नये," असं माझे आजोळचे लोक मला तोंडावर सांगतात. आजोळ जत तालुक्यातलं. आषाढात इकडं गगनबावड्याला झड लागलेली असते, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरून वाहत असते, राधानगरीचे दरवाजे कधी उघडतात याकडं सगळ्या शहराचे कान लागलेले असतात. आणि त्याच दिवसांत जतच्या माळावर नुसता वारा. ढग येतात आणि डोक्यावरून पळत पूर्वेला निघून जातात. ढालगावकडच्या पवनचक्क्या गरगर फिरत राहतात. मामा म्हणतो, "पाऊस तुमचा, वारं आमचं." त्या वाऱ्यात अंगणात भाकरी खायला बसलं की दाताखाली कचकच येतेच.

त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही आज लिहितेय, कारण माझं काम माती तपासायचं आहे आणि गेली काही वर्षं कोल्हापूरच्या मातीबद्दलच मला जास्त काळजी वाटते.

गळीत हंगाम संपत आला, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणारं पीक) ठेवायचा की रान मोडायचं याचा विचार सुरू झाला, की आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या यायला लागतात. सामू, क्षारता, स्फुरद, पालाश हे आकडे शेतकरी नीट बघतो, कारण त्यावर खताची पोती ठरतात. मी आधी बघते तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत राहिलेला कार्बन. आपल्याकडच्या प्रतवारीत ०.४० टक्क्यांच्या खाली तो 'कमी' धरतात, ०.२० च्या खाली 'अत्यंत कमी'. नदीकाठचं, बारमाही पाण्याचं, पिढ्यान् पिढ्या ऊस घेतलेलं रान जेव्हा 'कमी'च्या रकान्यात येऊन बसतं, तेव्हा मला जतचा माळ आठवत नाही. मला आठवते अमेरिकेतली १९३० ते १९४० मधली धूळ. त्या काळाला तिकडं 'डस्ट बाऊल' म्हणतात. आपल्याकडं शाळेच्या भूगोलात त्याच्या दोन-चार ओळी येतात आणि त्यातून एवढंच कळतं की पाऊस पडला नाही आणि धुळीची वादळं आली. मधला सगळा भाग गाळलेला असतो, आणि आपल्या कामाचा नेमका तोच आहे.

ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांची वरची चिंचोळी टोकं, कॅन्सस आणि कोलोरॅडोचे कोपरे, न्यू मेक्सिकोचा थोडा भाग असा तो पट्टा. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, म्हणजे जवळपास आमच्या जतएवढाच. वारा बारमाही. झाडं जवळजवळ नाहीतच. होतं ते गवत. दिसायला आखूड, पण मुळं पाच-सहा फूट खाली गेलेली. दुष्काळ त्या मुलखाला नवे नव्हते. गवत वरून वाळायचं, खाली जिवंत राहायचं आणि माती धरून ठेवायचं. गव्यांचे प्रचंड कळप त्यावर जगले आणि त्यांच्यामागून तिथले मूळ रहिवासी जगले. एकोणिसाव्या शतकात या दोघांनाही तिथून हटवलं गेलं. मग सरकारनं जमिनी वाटल्या. १८६२ च्या कायद्यानं एका कुटुंबाला १६० एकर, पुढं १९०९ मध्ये कोरडवाहू भागासाठी ३२० एकर. आपल्याला हे आकडे ऐकूनच धाप लागते, कारण आपल्याकडं वाटण्या गुंठ्यांवर आल्यात. पण त्या पावसावर एवढ्या रानात कुटुंब चालवायचं तर एकच मार्ग होता, सगळंच्या सगळं रान नांगरायचं.

पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता. भाव बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, २ डॉलरच्या वर गेला. बँका कर्ज द्यायला तयार होत्या, ट्रॅक्टर आले, आणि तव्यांचा एक नवा नांगर आला, जो एका फेरीत रान झटपट मोकळं करायचा आणि वरचा थर अगदी भुगा करून ठेवायचा. भर म्हणून १९२० नंतरची बरीचशी वर्षं पावसाची होती. गावात न राहणारे, शहरातून येऊन पेरून जायचे आणि कापणीलाच परत यायचे, असेही लोक शेतीत उतरले. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत त्या दक्षिण भागात ५० लाख एकरांहून जास्त गवताळ माळ पहिल्यांदाच नांगराखाली आला.

मग भाव पडला. १९३१ मध्ये गहू अमाप पिकला आणि त्याच गव्हानं बाजार झोपवला. १९३२ पर्यंत भाव ४० सेंटांच्या खाली. अशा वेळी शेतकरी काय करतो? हप्ता तर भरायचाच असतो. भाव निम्म्यावर आला की दुप्पट रान पेरतो. आपणही हेच करतो, म्हणून त्यांना मूर्ख ठरवणाऱ्या माणसांचं मला पटत नाही. ज्यांना तेही झेपलं नाही त्यांनी रानं तशीच टाकून दिली. नांगरलेली, उघडी, वर ना पीक ना गवत. पावसानं पाठ फिरवली ती या अशा रानांकडं.

पाऊस का गेला याचं उत्तर दूरच्या समुद्रांत आहे. पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्ताकडच्या भागातलं पाणी त्या वर्षांत नेहमीपेक्षा थोडं गार होतं आणि अटलांटिकचं थोडं गरम. तेवढ्यानं वाऱ्यांच्या वाटा बदलल्या आणि मेक्सिकोच्या आखातावरून येणारी ओल त्या पठारापर्यंत पोचेनाशी झाली. हे शेतकऱ्याच्या हातातलं नव्हतं. पण त्याआधीही तिथं कडक दुष्काळ पडून गेले होते आणि तेव्हा आख्खा मुलूख असा उठून चालू लागला नव्हता. यावेळी फरक होता तो मातीवर काय आहे याचा.

माती वाऱ्यानं उडते म्हणजे काय होतं, हे जरा नीट सांगते, कारण त्यात आमच्या कामाचं मर्म आहे. वाऱ्याला सगळ्यात आधी सापडतो तो साधारण बारीक रेतीएवढा कण. तो उचलला जातो, फूटभर वर जातो आणि पुढं येऊन आदळतो. आदळताना आणखी चार कण उडवतो. ते पुढं जाऊन आणखी. एकदा ही उड्यांची साखळी लागली की रानभर पसरते. जेवढं उघडं रान लांबलचक, तेवढा तिचा जोर वाढत जातो. जाड कण नुसते घरंगळतात आणि बांधाला, कुंपणाला साठतात. पण या माऱ्यात ढेकळं फुटून जो सगळ्यात बारीक भाग निघतो तो खाली येतच नाही, वर जातो आणि शेकडो मैल जातो. आणि जमिनीतलं अन्न, म्हणजे सेंद्रिय कर्ब, चिकणमाती, त्यांना चिकटलेलं नत्र-स्फुरद, मुख्यतः याच बारीक भागात असतं. म्हणून असं वादळ रानातली माती सरसकट कमी करत नाही. चाळून चांगली तेवढी नेतं आणि वाळू मालकाला ठेवतं.

९ मे १९३४ ला उत्तरेकडच्या पठारावरून असं एक वादळ उठलं आणि दोन दिवसांत न्यूयॉर्क, बोस्टन, वॉशिंग्टनवर पोचलं. त्यात ३५ कोटी टन माती असावी असा अंदाज मांडला गेला. अटलांटिकमध्ये किनाऱ्यापासून जवळजवळ ५०० किलोमीटर आत असलेल्या जहाजांच्या डेकवर ती धूळ पडली. रंगावरून लोक ओळखायचे कुठली माती आहे ते. काळी असली तर कॅन्ससची, लाल असली तर ओक्लाहोमाची, राखाडी असली तर कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोची. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर त्यांच्या स्मरणात 'काळा रविवार' म्हणूनच राहिला. सकाळ स्वच्छ होती, लोक बऱ्याच दिवसांनी खिडक्या उघडून बसले होते. दुपारी उत्तरेकडून काळी भिंत आली आणि शेजारी बसलेला माणूस दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी त्या भागात असलेल्या एका बातमीदारानं पाठवलेल्या मजकुरात 'डस्ट बाऊल' हे शब्द होते. तेच नाव पुढं रूढ झालं.

घरांतलं वाचलं की जीव कासावीस होतो. बायका ओल्या चादरी दारा-खिडक्यांना लावायच्या, त्या तासाभरात चिखलानं जड व्हायच्या. ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि वाढतानाच सुलटी करायची. हवेतल्या कोरड्या धुळीत एवढी वीज साठायची की हात मिळवला तरी झटका बसायचा आणि मोटारी बंद पडायच्या. लोक गाडीच्या मागं जमिनीला घासणारी साखळी बांधून फिरायचे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं धुळीच्या न्यूमोनियानं गेली. कुंपणाच्या तारांत वाळकी काटेरी झुडपं अडकायची, त्यावर धूळ साठायची, आणि शेवटी कुंपण गाडलं जाऊन गुरं त्यावरून चालत पलीकडं जायची. तीच काटेरी झुडपं ओली असताना कापून गुरांना घातली, कारण दुसरी वैरण नव्हती. १९३४ मध्ये सरकारनं गुरं विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातली खाण्यालायक नसलेली जागच्या जागी मारून पुरली. १९४० पर्यंत त्या पठारी राज्यांतून २५ लाख माणसं निघून गेली. पण धुळीच्या पट्ट्यातले बहुतेक लोक मात्र तिथंच राहिले, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. निघून जाणाऱ्यांचे फोटो जगभर गेले. राहिलेल्यांनी माती परत बसवली.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. तिथल्या शेतकऱ्यांना हे सगळं करायला जाणत्यांनीच सांगितलं होतं. 'नांगरामागून पाऊस येतो' असा सिद्धान्त आधी छापून आला होता. रान नांगरलं की ओल हवेत जाते आणि पाऊस वाढतो म्हणे. कोरडवाहू शेतीचे प्रचारक सांगत होते की वरचा थर पिठासारखा बारीक ठेवा, म्हणजे खालची ओल उडणार नाही. आणि खुद्द सरकारच्या माती खात्यानं १९०९ मध्ये लिहून ठेवलं होतं की माती ही देशाची कधीही न संपणारी, न झिजणारी मालमत्ता आहे. माती तपासून अहवालावर सही करणारी बाई म्हणून ते वाक्य मला झोंबतं. आमच्या सल्ल्यावर माणूस रान पेटवतो किंवा राखतो.

ते वाक्य खोटं ठरवायला ह्यू बेनेट नावाचा त्याच खात्यातला एक सर्वेक्षक आयुष्यभर झगडला. पाण्यानं पातळ थरानं धुपणारी माती त्यानं तरुणपणीच हेरली होती, पण ऐकत कोणी नव्हतं. १९३५ च्या वसंतात तो संसदेच्या समितीपुढं साक्ष देत असताना पठारावरची धूळ वॉशिंग्टनवर येऊन पोचली. ती येणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं बोलणं मुद्दाम लांबवलं, असं सांगितलं जातं. २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला.

उपाय म्हणून त्यांनी जे केलं त्यात चमत्कारिक काही नव्हतं. उताराला आडवी नांगरट, बांध, आलटून-पालटून पिकांचे पट्टे, कापणीनंतर धसकटं रानातच ठेवणं, फार उडणाऱ्या रानात खोल सऱ्या पाडणं म्हणजे उड्या मारणारा कण सरीत पडून अडकतो. वाईट झालेली रानं सरकारनं विकत घेऊन परत गवताखाली आणली. उत्तरेला डाकोटापासून दक्षिणेला टेक्सासपर्यंत १९३४ ते १९४२ मध्ये वारा अडवायला सुमारे २२ कोटी झाडांचे पट्टे लावले. पाऊस पुरता परतायच्या आधीच, १९३८ पर्यंत, उडणारी माती ६५ टक्क्यांनी कमी झाली होती. हा आकडा मी शेतकरी मेळाव्यात नेहमी सांगते. पाऊस नव्हता, तरी माती थांबली.

गव्हाच्या जागी त्यांनी बऱ्याच रानांत ज्वारी घेतली. आणि इथं माझ्या आजोळशी एक धागा जुळतो. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, तळ्याच्या कामावर माती वाहायची. सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. अमेरिकेतून आलेली ज्वारी. "भाकरी थापताना तुटायची गं, आणि खाताना घशाखाली उतरायची न्हाई, पण त्याच्यावरच तुझी आई वाढली," असं आजी सांगायची. अमेरिकेत ही ज्वारी पिकते ती प्रामुख्यानं कॅन्सस-टेक्सासच्या पट्ट्यात. आजीच्या ताटातला मिलो नेमका कुठल्या शिवारातला होता हे कोणी सांगू शकणार नाही. पण मिलो पिकवणाऱ्या त्या मुलखाचं रान बहात्तरच्या आधी चाळीसेक वर्षं वाऱ्यावर गेलं होतं आणि लोकांनी ते धरून बसवलं होतं, हे मला उशिरा कळलं, आणि आजी तेव्हा हयात नव्हती. तिला सांगायला हवं होतं असं फार वाटलं. बहात्तरला तिनं डोक्यावरून वाहिलेल्या मातीच्या ताली (बांध) आजही आमच्या मामाच्या रानात आहेत, आणि तालीच्या वरच्या अंगाला दीड-दोन फूट गाळाची माती साठलेली आहे. त्या पट्टीत ज्वारी अजूनही इतर रानापेक्षा हातभर उंच येते.

आता कोल्हापूर. आमच्याकडं धुळीचं वादळ येत नाही. वळवाच्या आधी तासभर सोसाट्याचा वारा सुटतो, पत्रे वाजतात, मग गारा आणि मातीचा वास. म्हणून आम्ही निर्धास्त. पण जुलैत शिवाजी पुलावर उभं राहून पंचगंगेचं पाणी बघा. तांबडं लाल. तो रंग पाण्याचा थोडाच आहे? राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीच्या उतारांवरची ती माती आहे. जतला जे वारा करतो ते आमच्याकडं पाणी करतं, आणि पाणीही अगदी तसंच चाळून, बारीक आणि चांगलं तेवढं नेतं. धूळ निदान डोळ्यांत जाते, दिसते. पुराचं पाणी गढूळच असायचं, असं धरून आपण पुलावर उभं राहून पाणी बघतो, पातळी किती फूट झाली ते विचारतो आणि घरी जातो.

उघडं रान आमच्याकडंही होतंय, आणि तेही दुष्काळात नव्हे, चांगल्या दिवसांतच. नदीवरून पाईपलाईन वर नेली की ऊस माळावर चढतो. पाणीपुरवठा संस्थांनी इथल्या शेतकऱ्याला उभं केलं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे; माझं शिक्षण त्याच उसावर झालं. पण माळ कसा मोडला जातो ते मी जवळून बघितलंय. वर कुसळीचं गवत, खाली वीतभर तांबूळ माती आणि त्याखाली मुरूम. जेसीबी लावून सपाटीकरण करताना वरची ती वीतभर माती आधी खोलगट भागात लोटली जाते आणि वरच्या बाजूला मुरूम उघडा पडतो. मग त्यावर गाळ आणून टाकायचा, तो दोन पावसाळ्यांत खाली येतो, परत टाकायचा. गवतानं किती शतकं लावून ती वीतभर माती धरली असेल, याचा हिशेब कोणाच्या खर्चात येत नाही.

दुसरं म्हणजे बांध. भावाभावांत वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर बांधाला घासून चालायला लागला, दोन्हीकडून बांध कोरला गेला. घायपात गेलं, करंज गेला, शेवरी गेली, गवत गेलं. काही शिवारांत बांध आता हातभर रुंद मातीची रेघ आहे. आमच्याकडं वारा आणि पाणी अडवणारी झाडांची ओळ सरकारला लावायची गरज नव्हती. ती आपल्या आज्या-पणज्यांनी लावलेली होती आणि आपण ती एकेक इंच करत खाल्ली.

आणि तिसरं म्हणजे पाला. ऊस तुटून फड मोकळा झाला की संध्याकाळी काडी लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातकणंगले-शिरोळच्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंनी धूर. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुसकटं येऊन पडतात. एका एकरात तीन-चार टन पाचट, म्हणजे हा वाळका पाला, निघतं, त्यात एक तृतीयांशाहून जास्त सेंद्रिय कर्ब असतो, आणि तो अर्ध्या तासात आभाळात जातो. त्यावर ट्रॅक्टरचा रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचं अवजार, फिरवायचा. एकदा, परत एकदा, माती रव्यासारखी होईपर्यंत. वरून देखणी दिसते. खाली पात्याच्या टोकाशी कडक थर बसतो, पाणी मुरत नाही, वरचा भुगा पहिल्याच पावसात निघतो. पठारावरचा तो तव्यांचा नांगर हेच करत होता.

परवा एक आण्णा आपल्या पिशव्या घेऊन आले होते. अहवाल हातात दिला तर म्हणाले, "ताई, कर्ब-बिर्ब ऱ्हाऊ द्या, खत किती घालू ते सांगा." मी त्यांना पाला पेटवता का विचारलं.

"पेटवाय लागतोयच की. न्हाई पेटवला तर उंदरं हुत्यात, सरीतनं पाणी म्होरं सरकत न्हाई, खोडवा एकसारखा फुटत न्हाई. आणि शेजारच्यानं पेटवला की आपला पेटतोयच."

यातली एकही अडचण खोटी नाही, आणि मीही ती खोडून काढत बसले नाही. आमच्याकडं कपाटात काचेचे दोन उंच ग्लास ठेवलेले असतात. त्यांच्याच पिशवीतलं एक वाळलेलं ढेकूळ घेतलं. दुसरं ढेकूळ आमच्या आवाराच्या कडेचं, जिथं वर्षानुवर्षं फक्त गवत आहे. दोन्ही लिंबाएवढी. तारेच्या जाळीवर ठेवून पाण्यात सोडली. आण्णांच्या रानातल्या ढेकळातून बुडबुडे यायला लागले, कडेचे पापुद्रे सुटले, मग एक बाजू ढासळली. त्यांचा चहा संपायच्या आत जाळीवर काहीच उरलं नव्हतं. तळाला लगदा आणि वर दुधी तांबूस पाणी. गवताखालचं ढेकूळ जसंच्या तसं बसलेलं होतं, पाणी निवळ. त्यातून केसासारखी पांढरी मुळं बाहेर आलेली दिसत होती. या मुळांनी, मातीतल्या बुरशीच्या तंतूंनी आणि कुजलेल्या पाल्यापासून होणाऱ्या डिंकानं कण एकमेकांना धरून राहतात. पाणी आलं तरी सुटत नाहीत, वारा आला तरी सुटत नाहीत. खायला पाला मिळाला नाही की हे सगळं उपाशी मरतं.

आण्णा बराच वेळ ग्लासाकडं बघत होते. मग म्हणाले, "ह्ये माझंच ढेकूळ न्हवं?" मी म्हटलं, तुमचंच. "पुरात वरची माती जाती म्हणून आम्ही नदीला शिव्या देतोय," एवढंच बोलले आणि वही काढली.

त्यांच्या वहीत जे लिहून दिलं ते इथंही लिहिते, कारण तोडणी अजून काही गावांत चालू आहे. ऊस जमिनीसरशी तोडून घ्या. बुडखे वर राहिले असतील तर धारदार कोयत्यानं छाटा, म्हणजे फुटवा जमिनीखालून आणि एकसारखा येतो. पाला सगळीकडं पांघरायचा नसेल तर एक आड एक सरीत दाबा. मोकळ्या सरीतून पाणी विनाअडथळा जाईल. एका टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. एकरी साधारण ४ टन धरून त्याच्या चौपट. युरिया आणि सुपर पाल्यावर फोकून द्या, संवर्धक शेणखतात किंवा शेणकाल्यात मिसळून टाका आणि पाणी द्या. पहिलं पाणी जरा जास्त लागतं, पुढची लांबतात. भाड्यानं पाचट कुट्टीचं यंत्र मिळत असेल तर काम सोपं होतं, नसेल तरी अडत नाही. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा आणि बांधालगतची दोन हात पट्टी पाल्यावाचून मोकळी ठेवा, म्हणजे त्याच्याकडची आग तुमच्याकडं येणार नाही. उंदरांचा त्रास पहिल्या वर्षी होतो, बिळं शोधून बंदोबस्त करावाच लागतो; त्याला पर्याय मला माहीत नाही.

ज्यांनी माळ नुकताच मोडलाय त्यांनी पावसाळ्यात तो उघडा ठेवू नका. ताग किंवा धैंचा फेकून द्या, काहीतरी हिरवं वर असू दे. आणि बांधावर जे गवत उरलंय त्यावर तणनाशक मारू नका.

यंदा नमुना घेऊन येणार असाल तर नेहमीसारखा रानातला नागमोडी फिरून घ्या, वीतभर खोलीचा, झाडाखालचा आणि खताच्या ढिगाजवळचा सोडून. त्याबरोबर दोन ढेकळं वेगळ्या कागदात बांधून आणा, एक रानातलं आणि एक बांधावरच्या गवताखालचं. दोन्ही आधी सावलीत वाळवा. ग्लास आमच्याकडं आहेत.